ठेंगूंची कमजोरी

“कुणाला बोलू नकोस,” मी प्रल्हादला म्हणालो आणि त्याला धडधडीत खोटं सांगितलं.

“ठेंगू पाण्यात उभे असले की त्यांचं चिलखत धरतच नाही. बाणानं पटापटा पडतात. काल एकटाच खेळत बसलेलो, तेव्हा सापडलं.”

प्रल्हादनं संगणकावरची नजर काढून माझ्याकडं पाहिलं. “ठेंगू? पाण्यात?”

“हां.”

“वहीत लिहिलास?”

“नाही. फक्त तुला सांगतोय. श्रेणिकला पण नाही.”

“बरं,” तो म्हणाला. “बघतो.”

एवढंच. कशावरून, कुठल्या नकाशावर, किती बाण, काही विचारलं नाही. पाचवीपासून माझं बोलणं त्यानं असंच ऐकून घेतलं होतं. त्या दुपारी मात्र मला वाटलं, हा जरा जास्तच गप्प आहे.

हे सगळं दोन हजार सातच्या फेब्रुवारीतलं. मिरजेत तंतुवाद्यांच्या दुकानांची गल्ली आहे, तिथल्या एका दुकानाच्या माडीवर रियाजभाईंचं नेट कॅफे होतं. खाली तंबोरे जुळवले जायचे आणि वर आम्ही राज्यं बुडवायचो. प्रल्हादचे वडील, सुतारकाका, त्या खालच्याच दुकानात भोपळ्यांना दांड्या बसवायचे. मी, प्रल्हाद आणि श्रेणिक उपाध्ये असे आम्ही तिघं. शाळा एक, पुढं डिप्लोमाची कॉलेजं वेगवेगळी, पण तिघंही शेवटच्या वर्षाला. निदान मी तसं समजत होतो.

खेळाचं खरं नाव काहीतरी लांबलचक इंग्रजी होतं. आमची सीडी नकलेची नक्कल, त्यामुळं ते कुणालाच धड ठाऊक नव्हतं. आम्ही त्याला ‘पाच गाद्या’ म्हणायचो. एक नकाशा, त्यावर पाच राज्यं आणि प्रत्येकाची फौज निराळी. माणसं सगळ्यात साधी, सगळं थोडंथोडं येणारी आणि कशातच पहिला नंबर नसणारी. झाडोरे म्हणजे चालती झाडं. ताकद अफाट, पण काडी ओढली की खेळ खलास. पाखरं, म्हणजे पंखवाले, बघता बघता तटावर पोचायची, पण अंगात जीव नाही. हाडके मेले तरी तीनदा उठायचे, त्यांचे तिरंदाज फार वाईट, मात्र चढावर त्यांना धाप लागायची. सापळ्याला धाप कशी लागते हे विचारायचं नाही. आणि ठेंगू! बुटके, दाढीवाले, डोक्यापासून पायापर्यंत लोखंडात. चाल गोगलगायीची, पण एकेकाला पाडायला डझनभर बाण लागायचे.

या पाचांची तुलना मी एका दोनशे पानी वहीत केली होती. ताकद निळ्या शाईत, कमजोरी लाल शाईत. कुणासमोर कोण टिकतं, कुणाला कुणापासून लांब ठेवायचं, सगळं. आमच्यात एक पद्धत होती. तिघांपैकी कुणीतरी खेळाच्या सरावमैदानावर बसून तपासल्याशिवाय वहीत ओळ जायची नाही, आणि ओळीच्या शेवटी तपासणाऱ्याचं अक्षर पडायचं. ‘अ’ म्हणजे मी, अभिनंदन मगदूम. ‘श्रे’ म्हणजे श्रेणिक. ‘प्र’ म्हणजे प्रल्हाद. वही कायम माझ्या काखेत असायची. तिचा मला इतका गर्व होता, की अभ्यासाच्या वह्यांना सवतीच्या पोरांसारखी वागणूक मिळत होती.

सांगलीतल्या एका कॉलेजच्या स्नेहसंमेलनात या खेळाची स्पर्धा होणार होती, तिघातिघांचे संघ. माणसं माझी, पाखरं श्रेणिकची, ठेंगू प्रल्हादचे. आम्हाला धास्ती एकाच संघाची होती, इचलकरंजीच्या. त्यांची कप्तान नीलांबरी माने, हाडके घेऊन खेळायची. जानेवारीत त्यांच्याशी सरावाचा सामना झाला. महिनाभर गुपचूप घोटलेली आमची पहिली चाल आम्ही काढली, तर समोर तिचे तिरंदाज हजर. कुणीतरी आधीच निरोप धाडल्यासारखे.

“योगायोग असंल,” श्रेणिक म्हणाला.

मला पटेना. कुठंतरी पाणी मुरत होतं. वही तिघांशिवाय कुणी उघडून पाहिलेली नव्हती. मी काही फोडलं नव्हतं, म्हणजे राहिले दोघं. श्रेणिकच्या तोंडात तीळ भिजत नाही आणि प्रल्हाद तोंडच उघडत नाही. संशय घ्यायला दोघंही सोयीचे. त्यात एका गुरुवारी मिरज स्टँडवर इचलकरंजीचा लाल डबा लागला आणि त्यातनं प्रल्हाद उतरला.

“कुठं गेलतास रे?” मी विचारलं.

“इथंच,” तो म्हणाला आणि पिशवी दुसऱ्या हातात घेतली.

सुतावरून स्वर्ग गाठायला मला तेवढं सूत पुरलं. तरी मी स्वतःला न्यायी समजत होतो, म्हणून पुरावा हवा होता. मी दोघांना दोन वेगळ्या थापा द्यायचं ठरवलं. ज्याची थाप इचलकरंजीकर वापरतील, तो फितूर. श्रेणिकला सांगितलं, की पाखरं हाडक्यांच्या मनोऱ्याजवळनं उडाली की दमतात. “होय काय? भारी की,” असं म्हणून त्यानं उरलेला वडा खाल्ला आणि दुसऱ्या दिवशी तो ते विसरूनही गेला. प्रल्हादला ठेंगूंची थाप दिली. ती सुचली कशी, हेही सांगतो. ठेंगूंना आम्ही कधी पाण्यात उतरवतच नसू. ते इतके मंद, की त्यांना पुलावरनंच न्यायची रीत होती. म्हटलं, जिथं कुणी जात नाही तिथलंच काहीतरी ठोकून द्यावं.

तीन दिवसांनी प्रल्हाद माडी चढून आला, खुर्ची ओढली आणि म्हणाला, “अभ्या, तू सांगितलास ते खरं आहे.”

“काय खरं आहे?”

“ठेंगूंचं. तीन दिवस बसलो मी. काठावर एकेकाला बारा बाण लागालेत. पाण्यात तीन.”

त्यानं खिशातनं कागद काढला. पाच-पाच रेघांच्या जुड्या मांडून त्यानं बाण मोजले होते, काठावरचे एका बाजूला, पाण्यातले दुसऱ्या. जी गोष्ट मी पायऱ्या चढता चढता रचली होती, ती हा मोजून आणून दाखवत होता.

“आणि उपाय पण सापडलाय,” तो म्हणाला. “रांगेनं न्यायचंच नाही. दोन-दोन करून...”

“नंतर बघू,” मी म्हणालो.

काय सफाईनं खोटं बोलतोय, एवढंच माझ्या मनात आलं. आपण किती इमानी आहोत हे दाखवायची धडपड चाललीय. चोराच्या मनात चांदणं. संगणक माझ्यापासून हातभर लांब होता, तपासून बघणं दोन मिनिटांचं काम होतं. पण आपणच रचलेली थाप कुणी तपासत बसतं का? मी कागदाची घडी करून त्याला परत दिली. त्यानं ती पुन्हा खिशात ठेवली.

शनिवारी सकाळी साखळीतला शेवटचा सामना इचलकरंजीशी पडला. दोन सामने जिंकून आम्ही अंतिम फेरीत आधीच पोचलो होतो, म्हणजे हार-जितीनं काही बिघडणार नव्हतं. नकाशा असा निघाला, की मधोमध नदी आणि पूल कुठंच नाही. मला तर देवच पावला.

प्रल्हादचे सव्वीस ठेंगू नदीपाशी आले आणि थांबले.

“अभ्या, पाण्यात नको,” तो हळू आवाजात म्हणाला. “मरतील.”

“उतर.”

“मी मोजलोय, अभ्या. निदान दोन-दोन तरी...”

“कप्तान कोण आहे? सगळे उतरव.”

समोरच्या रांगेतनं नीलांबरीनं मान वर करून आमच्याकडं पाहिलं. प्रल्हादनं क्षणभर माझ्या तोंडाकडं पाहिलं आणि सगळे ठेंगू पाण्यात घातले. पलीकडच्या झुडपांतनं तिचे तिरंदाज बाहेर आले. जणू ठेंगूंचीच वाट बघत बसले होते. श्रेणिक ओरडायला लागला, “अरे, पडालेत की सगळे! मागं घे, मागं घे!” ठेंगू किती पडले, कसे पडले, किती बाणांत पडले, यातलं मी काहीही पाहिलं नाही. एवढ्या तिरंदाजांपुढं कुणीही मेलं असतं, असं म्हणून मी ते सोडून दिलं. मी पाहत होतो प्रल्हादचा चेहरा. आम्ही हरत होतो आणि मला आतून बरं वाटत होतं. चोर सापडला होता.

सामना संपल्यावर त्याला मी सायकल स्टँडपाशी गाठलं. श्रेणिक मागोमाग आला.

“ती थाप होती,” मी म्हणालो.

“कुठली?”

“ठेंगूंची. पाण्याची. मी मनानं रचलेली. जगात फक्त तुला सांगितलेली. आणि आज त्यांनी नेमकी तीच वापरली.”

प्रल्हादला समजायला थोडा वेळ लागला. त्याच्या कपाळावर आठी पडली.

“आणि तू म्हणलास तपासलो,” मी पुढं म्हणालो. “बारा आणि तीन. जे नाहीच ते कसं मोजलास रे?”

तो चिडेल, शपथा घेईल, रडेल, सगळ्याची तयारी करून मी आलो होतो. तो म्हणाला, “तू मला खोटं सांगितलास?”

“विषय तो नाही.”

“मुद्दाम?”

“गुरुवारी इचलकरंजीला कशाला गेलतास ते सांग आधी.”

श्रेणिक आपल्या बुटांच्या नाड्या बघत उभा राहिला. मग प्रल्हादनं सायकलचं कुलूप काढलं.

“उद्या माझ्या जागी कोण बसणार?”

“श्रेणिकचा चुलतभाऊ.”

“त्याला ठेंगू देऊ नकोस,” प्रल्हाद म्हणाला. “दिलासच तर दोन-दोन करून ने म्हणावं.”

तो गेला. आणि खोटं कशाला बोलू, त्याची पाठ वळल्यावरही माझ्या मनात हेच आलं, की काय बेमालूम नाटक करतोय.

रविवारी अंतिम सामना झाला, पुन्हा इचलकरंजीशीच. चुलतभावाला मी ठेंगूच दिले. का नाही देणार? ठेंगूंना पाण्याचं काही होत नाही, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक होतं? नकाशावर मोडक्या पुलाची नदी आली आणि मी त्याला बिनधास्त सांगितलं, “उतर.” बाविसाव्या मिनिटाला आमची तिन्ही राज्यं बुडाली.

हात मिळवताना मी नीलांबरीला विचारलंच, “प्रल्हादनं अजून काय काय सांगितलं तुम्हाला?”

“कोण प्रल्हाद?”

“काल ठेंगू खेळत होता तो.”

“तो होय? आज कुठं होता? आम्ही त्यालाच घाबरून होतो.”

“नाटक नको. ठेंगू पाण्यात मरतात हे तुम्हाला कुणी सांगितलं?”

तिला माझा प्रश्नच कळला नाही. “सांगायला कशाला पाहिजे? दिवाळीच्या सुट्टीत पाचही फौजा सगळीकडनं चालवून बघितल्या आम्ही. चिखल, बर्फ, पाणी. ठेंगू पाण्यात मरालेत हे दिसलं. तुम्ही नव्हतं बघितलं?”

“आणि जानेवारीतली आमची चाल?”

“अहो, तुम्ही दर वेळी उत्तरेकडनंच येता,” ती हसून म्हणाली. “तुमचे आधीचे कुठलेही दोन सामने बघितले की कुणालाही कळतंय. आम्ही पण वही करतो. फक्त तुमच्यासारखी फौजांची नाही.”

जिंकलेल्या माणसाला दाखवायची हौस असते. तिनं पिशवीतनं एक छोटी वही काढून माझ्यापुढं धरली. आमच्या संघाचं पान होतं. आमची नावं तिला ठाऊक नव्हती. ‘वहीवाला. ताकद: तयारी. कमजोरी: वहीत नाही ते खरं मानत नाही.’ त्याखाली पाखरंवाला. आणि शेवटी, कालच्याच तारखेनं, ‘ठेंगूवाला. ताकद: थांबतो, बघतो, संकट आधी ओळखतो. कमजोरी: कप्तान म्हणेल ते करतो.’

मी वही परत दिली. तरी मनातला संशय मुकाट बसेना. फितुराची बाजू ती घेणारच, असं म्हणत मी सांगली-मिरज बसमध्ये बसलो.

सोमवारी दुपारी माडीवर एकटा गेलो. सरावमैदानावर काठावर एक ठेंगू उभा केला आणि एका तिरंदाजाला बाण सोडायला लावले. बारा बाण लागले. मग ठेंगू पाण्यात उभा केला. एक, दोन, तीन. पडला. पाच वेळा केलं. पाचही वेळा तीन. मग सव्वीस ठेंगू घेतले आणि दोन-दोन करून नदीत सोडले. तिरंदाज सगळे बाण पहिल्या जोडीवर संपवून भाता भरत बसले, तोवर उरलेले चोवीस पलीकडं. माझी थाप पहिल्या दिवसापासून खरी होती. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, आणि हा शहाणा तर स्वतःच्याच सापळ्यात पाय देऊन उभा होता. खाली कुणीतरी तंबोऱ्याची एकच तार परत परत जुळवत होतं. मला फार लाज वाटली.

मी खाली उतरलो. सुतारकाका दारातच भोपळा घासत बसले होते.

“काका, प्रल्हाद?”

“आत हाय. उद्या जायचं म्हणून राहिलेलं काम उरकालाय.”

“कुठं जायचं?”

काकांनी हात थांबवला. “तुला बोलला न्हाई अजून? इचलकरंजीला, मामाकडं. मागाचे धोटे करायचा कारखाना हाय त्याचा. ह्याचं वर्ष गेलं न्हवं का, दोन विषय राहिलं. दर गुरुवारी जाऊन काम बघून यायचा. मी म्हणलो अभ्याला सांग, तर म्हणतोय, स्पर्धा होऊ दे, आत्ता त्याच्या डोक्याला ताप नको.”

आत छताला भोपळे टांगलेले होते आणि त्यांच्याखाली प्रल्हाद एका दांडीवरनं काचकागद फिरवत होता. त्यानं मला पाहिलं, पाट सरकवून दिला. मी बसलो नाही.

“ते खरं निघालं,” मी म्हणालो. “बारा आणि तीन. मी आत्ता बघून आलो.”

“हां,” तो म्हणाला. “मी सांगितलेलो की.”

“माझं चुकलं, पल्या. तू फितूर नव्हतास.”

“ते मला माहीतच होतं.”

त्याच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं. त्यानं दांडी उलटी करून दुसरी बाजू घासायला घेतली.

“एक विचारू?” तो म्हणाला. “मला सांगितलास तेव्हा तुला ते खोटं वाटत होतं न्हवं?”

“हो.”

“मग आता खरं निघालं, तर काय बदललं?”

आज सतरा-अठरा वर्षं झाली, दोघांची लग्नं झाली, पोरं झाली, एकमेकांच्या घरच्या कार्याला आम्ही जातो, बसतो, जेवतो. त्या प्रश्नाचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही. त्या दिवशी काकांनी चहा मागवला. तिघांनी प्यायला. प्रल्हादनं दांडी फुंकून वडिलांच्या हातात दिली आणि ती हातानं तपासून ते म्हणाले, “झकास.”

संध्याकाळी घरी मी वही उघडली. ठेंगूंच्या पानावर लाल शाईत लिहिलं, ‘पाण्यात चिलखत धरत नाही. बारा बाणांच्या जागी तीन.’ शेवटी तपासणाऱ्याचं अक्षर टाकायचं होतं. ‘प्र’ लिहिलं. मग सहज मागची पानं चाळली. ‘अ’ होते, चार-पाच पानांत मिळून एखादा. ‘श्रे’ दोन. बाकी पहिल्या पानापासून ओळीमागून ओळ ‘प्र’, ‘प्र’, ‘प्र’. निळ्यात आणि लालमध्ये. जिला मी माझी वही म्हणून काखेत घेऊन मिरवत होतो, ती अशी होती. आणि त्यातली एकही ओळ मी परत तपासून पाहिली नव्हती. कधी तशी गरजच वाटली नव्हती.